तिथी आणि तारीख

हैदराबादच्या जामबागेतल्या जुन्या वस्तीत ज्येष्ठातल्या दुपारी बारापासून चारपर्यंत जी निःशब्दता पसरते, ती कोणा अंमलदाराच्या हुकुमाने जारी झालेल्या संचारबंदीपेक्षाही अधिक कसोशीने पाळली जाते. कोठीचा गलबला, मोअज्जम जाही मार्केटाकडे धावणाऱ्या रिक्षांचे भोंगे, फुलवाल्यांच्या आरोळ्या हे सारे हाकेच्या अंतरावर असूनही जणू दुसऱ्या परगण्यात गेलेले असते, दारांना अडसर लागलेले असतात आणि घरातली वडीलधारी मंडळी ओला पंचा कपाळावर ठेवून आडवी झालेली असतात. अशा वेळी दारावर थाप पडली तर पूर्वी तार आली असे समजून घरातल्या बायका हात जोडीत. हल्ली तारखाते बंद पडल्यामुळे तेवढी एक धास्ती कमी झाली आहे. गेल्या उन्हाळ्यात अशाच एका दुपारी थाप पडली, म्हणून मी कुरकुरत दार उघडले, तो गळ्यात ओळखपत्र, पाठीवर पिशवी आणि हातात टॅब्लेट घेतलेली वीस-एकवीस वर्षांची एक मुलगी घामाने निथळत पायरीवर उभी. ती करीमनगरकडची, वैद्यकाच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी होती. साठीपुढील माणसांची स्मृती, झोप, चालण्यातला तोल, औषधपाणी आणि घरातला आधार यांविषयी ती सुटीचे दोन महिने माहिती गोळा करीत होती. आणि या गल्लीत म्हातारी माणसे पुष्कळ आहेत, ही खबर तिला कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने दिली होती. खबर खरी होती. आमच्या गल्लीतली तरुण पिढी कुकटपल्ली, गच्चीबावली, पुणे आणि अमेरिका अशा चार सुभ्यांत विभागली गेली असून मूळ घरांच्या किल्ल्या आम्हां म्हाताऱ्यांच्या कमरेला राहिल्या आहेत.

तिचे येणे हा आकस्मिक प्रकार नव्हता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९७९ पासून वैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी अल्पमुदतीच्या संशोधनवृत्तीची जी योजना चालविली आहे, तीत विद्यार्थ्याने एका अध्यापकाच्या देखरेखीखाली विषय निवडायचा, मसुदा पाठवायचा, नीतिविषयक समितीची मंजुरी मिळवायची, दोन महिने प्रत्यक्ष काम करायचे आणि मुदतीत अहवाल दाखल करायचा, असा शिरस्ता आहे. अहवाल पसंत पडला तर विद्यावेतन आणि प्रमाणपत्र मिळते. अशा कामासाठी वार्धक्याचा विषय निवडला जातो याचे नवल नाही. २०११ च्या खानेसुमारीत साठीपुढच्या माणसांची संख्या १० कोटी ३८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के भरली होती, आणि २०५० पर्यंत ती ३१ कोटी ९० लाखांवर जाईल असा अंदाज आहे. आज वैद्यकाच्या दुसऱ्या वर्षात असलेली पोरे ऐन उमेदीत येतील तेव्हा त्यांच्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर बहुतेक म्हातारेच बसलेले असतील. तेव्हा त्यांनी आत्ताच म्हाताऱ्यांशी ओळख करून घ्यावी, हे रास्त आहे. माझी तकरार, तिला तकरार म्हणायचे तर, ती ओळख कोणत्या भाषेतून करून दिली जाते याविषयी आहे.

या कामातला पहिला धडा उंबरठ्यावरच मिळतो. त्या मुलीने पंख्याखाली बसून माठातले पाणी पिता पिता जी हकीकत सांगितली, ती तिच्या अहवालात आली असेल असे मला वाटत नाही. आणि तरी उन्हाळ्यातली तिची खरी कमाई तीच होती. एका घरी तिला विमा विकणारी समजून परत पाठवले होते. दुसऱ्या घरी एका आजोबांनी आपल्या सरकारी आसरा पेन्शनच्या अर्जाचे काय झाले म्हणून तिलाच जाब विचारला होता. तिसऱ्या घरी सुनेने ‘सासूबाई झोपल्या आहेत, त्यांची उत्तरे मीच देते’ असे सांगून सासूच्या झोपेविषयीचे प्रश्नही स्वतःच सोडविले होते. १९ ऑगस्ट २०१४ रोजी तेलंगण सरकारने एका दिवसात सगळ्या राज्याचे समग्र कुटुंब सर्वेक्षण केले, तेव्हा कामधंदा सोडून आम्ही सारे घरात प्रगणकाची वाट पाहत बसलो होतो. तेव्हापासून हातात यादी घेऊन येणारा माणूस म्हणजे सरकार आणि सरकार म्हणजे काहीतरी मिळणार किंवा काहीतरी जाणार, हे समीकरण लोकांच्या मनात पक्के बसले आहे. ‘मी काही देणार नाही आणि काही नेणारही नाही, फक्त विचारणार आहे’, हे वाक्य आमच्या वस्तीत कोणालाही पटत नाही, आणि पटू नये असेच त्यात काहीतरी आहे, हे मी पुढे सांगणार आहे.

प्रश्नांचा पहिला मान अर्थातच अक्कांचा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा. अक्का तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांच्या होत्या. त्यांचे सहस्रचंद्रदर्शन आम्ही याच ओसरीवर केले. मुलीने दख्खनीत विचारले, “अम्मा, उमर कित्ती है?” अक्का म्हणाल्या, “रझाकारांच्या धामधुमीत मी परकर नेसत होते, आता हिशेब तूच कर.” टॅब्लेटला मात्र दिवस, महिना आणि सन हवा होता. मी ट्रंकेतून अक्कांच्या शाळेचा दाखला काढून दिला, त्यावर स्वच्छ अक्षरात ‘१२ इस्फंदार १३५० फसली’ असे लिहिलेले होते. निजामी दफ्तराचे वर्ष ऑक्टोबरात आजुर महिन्याने सुरू होई, आणि फसली सनात ५९० मिळवले की इंग्रजी सन हाती लागतो, इस्फंदारासारख्या पुढल्या महिन्यांना आणखी एक मिळवावा लागतो, हा हिशेब आमच्या पिढीपर्यंत पोराटोरांना ठाऊक होता. त्या मुलीने तो प्रथमच ऐकला. तिने तो टॅब्लेटवर न लिहिता आपल्या वहीत लिहून घेतला, आणि त्या क्षणापासून माझे तिच्याविषयीचे मत चांगले झाले.

मग स्मृतीचे प्रश्न आले. “आज कौनसी तारीख है, अम्मा?” अक्कांनी निमिषार्धात उत्तर दिले, “निर्जळा एकादशी.” आता ज्या बाईने पहाटेपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता, आणि डॉक्टरांच्या धाकाने दुपारी वाटीभर दूध घेऊन त्याबद्दल पांडुरंगाची माफी मागितली होती, तिला आजचा दिवस कोणता हे ठाऊक नाही असे ब्रह्मदेवालाही म्हणता येणार नाही, परंतु यंत्रात तिथीला रकाना नव्हता, आणि इंग्रजी तारीख अक्कांना सांगता येईना. खूण चुकीच्या बाजूला पडली. पुढे तीन शब्द सांगून ते थोड्या वेळाने पुन्हा म्हणून दाखवायचे होते. शब्द होते सेब, मेज आणि सिक्का. मध्ये इतर विचारपूस झाली, आणि मुलीने पुन्हा विचारले तेव्हा अक्का शांतपणे म्हणाल्या, “सफरचंद, टेबल, नाणे.” शंभरातून सात वजा करीत जायला सांगितले, तेव्हा अक्कांनी, ज्यांना आजही पावकी-निमकी आणि अडीचकी मुखोद्गत आहे, ‘शंभराचे सात गेले ते कोणाला दिले?’ असा प्रतिप्रश्न केला. शेवटी एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन काचेवर बोटाने काढायचे होते. सोळा ठिपक्यांची कासवाची रांगोळी हात न थांबवता काढणाऱ्या अक्का त्या काचेकडे थोडा वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “काचेवर रांगोळी कशी उमटणार, बाई?”

त्या दिवशी अक्कांना किती गुण मिळाले हे मला कळले नाही. पण ‘साठी बुद्धी नाठी’ ही आमच्याच भाषेतली म्हण त्या दुपारी एका यंत्राने शास्त्रीय पुराव्यानिशी सिद्ध केली असावी असा माझा रास्त संशय आहे. सगळ्या जगात वापरली जाणारी ही प्रश्नावली मुळात १९७५ साली अमेरिकेत तयार झाली. तारीख कॅलेंडरावर पाहणाऱ्या, कागद-पेन्सिल हाताळत वाढलेल्या रुग्णांसाठी ती होती आणि त्या रुग्णांपुरती ती उत्तम होती. आपल्याकडच्या शास्त्रज्ञांना हे कळले नाही असे मात्र नव्हे. हरियानातील बल्लभगढ परिसरात गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात निरक्षर वृद्धांमधील स्मृतिभ्रंशाचा अभ्यास करताना भारतीय व अमेरिकन संशोधकांनी मिळून तिचे हिंदी रूप सिद्ध केले. त्यात सातांच्या वजाबाकीऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगितले आणि वाक्य लिहून दाखवण्याऐवजी तोंडी सांगायची मुभा दिली. माणसाच्या बुद्धीची परीक्षा घ्यायची तर त्याच्या घरातल्या वस्तूंनीच घ्यावी, हा साधा विवेक त्यामागे होता. पण बल्लभगढच्या शेतकऱ्याला जे मिळाले ते जामबागेतल्या मराठी म्हातारीला मिळत नाही, कारण राज्याच्या हिशेबात ती तेलुगू, उर्दू, हिंदी अथवा इंग्रजी यांपैकी कशात तरी बसलीच पाहिजे. बसतेही ती, पण अंग चोरून.

या ठिकाणी मला एका अभ्यासाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही, कारण तो आमच्याच शहरातला आहे आणि तरी आमच्या शहरात तो फारसा कोणाला माहीत नाही. पंजागुट्ट्याच्या निझाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमधील स्मृतिविषयक दवाखान्यात आलेल्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासून डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात असे दाखवून दिले, की एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाची लक्षणे एकभाषिकांपेक्षा सरासरीने साडेचार वर्षे उशिरा दिसू लागली होती. एकभाषिकांचे सरासरी वय ६१.१ तर बहुभाषिकांचे ६५.६ होते. शिक्षणामुळे हा फरक पडत असेल म्हणावे, तर अजिबात शाळा न पाहिलेल्यांमध्येही तो होता, आणि तिथे तर तो सहा वर्षांचा होता. दोनाहून अधिक भाषा येणाऱ्यांना मात्र आणखी लाभ झालेला दिसला नाही, ही गोष्ट चार भाषांचा अभिमान वाहणाऱ्या आम्हां हैदराबादकरांनी नम्रपणे नोंदवून ठेवावी. हा अभ्यास दवाखान्याच्या दफ्तरावरून केलेला असल्यामुळे त्याने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, आणि या प्रश्नावर शास्त्रज्ञांत अजून मतभेद आहेत. मला महत्त्वाचे वाटते ते हे, की पाश्चात्त्य देशांत दोन भाषा येणारा माणूस बहुधा स्थलांतरित असतो, म्हणून भाषेचा परिणाम कोणता आणि देशांतराचा कोणता हे वेगळे काढता येत नाही. हैदराबादेत तशी अडचण नाही, कारण इथे माणूस आपली गल्ली न सोडताही बहुभाषिक असतो. आईशी मराठी, भाजीवालीशी तेलुगू, कचेरीत आणि दुकानात उर्दू, आणि शेजारी गुलबर्ग्याचे असले तर कानडी, हा जुन्या हैदराबाद संस्थानातल्या सामान्य माणसाचा दिवसभराचा भाषिक रोजनामाच होता. जागतिक शास्त्राला जी गोष्ट इथे येऊन पाहावी लागली, ती आमच्या ओसरीवर ‘सफरचंद, टेबल, नाणे’ या तीन शब्दांत डोळ्यांसमोर घडत होती, आणि तिला तीनपैकी शून्य गुण मिळाले असण्याचा पुरेपूर संभव आहे.

यावर प्रतिपक्ष असा करता येतो, आणि तो पोकळ नाही, की प्रत्येक घरी प्रश्न बदलत गेला तर एका घराची दुसऱ्या घराशी तुलना करायची कशी? मोठ्या शास्त्राला समान मापाची गरज असतेच. मुंबईच्या देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने परदेशी विद्यापीठांच्या सहकार्याने २०१७-१८ मध्ये वार्धक्याची जी देशव्यापी दीर्घकालीन पाहणी सुरू केली, तिच्या पहिल्या फेरीत ७२ हजार २५० माणसांची माहिती घेतली गेली आणि त्यांत साठीपुढची ३१ हजार ४६४ होती. एवढ्या पसाऱ्यात मापे ठरीव नसती तर हाती नुसता गोंधळ लागला असता. मला हे पूर्ण मान्य आहे. पण एका विद्यार्थ्याच्या दोन महिन्यांच्या, शंभर-दीडशे घरांच्या पाहणीतून राष्ट्राचे धोरण ठरत नसते. त्या कामाची फलश्रुती आकड्यांपेक्षा विद्यार्थ्यात शोधावी लागते. आणि ज्याला आकडे गोळा करायचे वळण लागले पण ते कशाने बिघडतात हे कधी पाहायला मिळाले नाही, तो विद्यार्थी पुढे मोठ्या पाहणीतही तेच बिघाड शिस्तीने करील.

ती मुलगी तशी नव्हती. एकादशीचे उत्तर ऐकल्यावर ती थोडी थांबली होती आणि हळूच म्हणाली होती, “मेरी नानम्मा भी ऐसाइच बोलते.” तिच्या आजीलाही उगादीच्या दिवशी ऐकलेले संवत्सराचे नाव वर्षभर पाठ असते आणि इंग्रजी महिना मात्र नातवंडांना विचारावा लागतो. पुढे बालपणीच्या परिस्थितीविषयी एक प्रश्न आला. लहानपणी घरची स्थिती बरी होती, मध्यम होती की हलाखीची, एवढेच सांगायचे होते. अक्कांनी तीन पर्यायांतून एक न निवडता १९४८ चा उन्हाळा सांगायला सुरुवात केली: वडिलांनी रात्रीतून घराला कुलूप कसे घातले, आई गरोदर असताना (तो गर्भ म्हणजे मीच) वाडी जंक्शनावर गाडीत जागा कशी मिळाली, सोलापुरात नातलगांच्या एका खोलीत नऊ माणसे कशी राहिली, तिथे आपला हाली शिक्का चालेना आणि कलदार रुपये जवळ नव्हते म्हणून आईने पाटली कशी मोडली, आणि सप्टेंबरात भारतीय फौजा आल्याची बातमी लागल्यावर वडील एकटेच घर पाहायला परत कसे आले. हे सांगायला अक्कांना पाऊण तास लागला. मधूनच त्या दख्खनीतून मराठीत गेल्या, कारण आईविषयी बोलताना त्यांना दुसरी भाषा सुचत नाही, आणि मी शेजारी बसून दुभाष्याचे काम केले. टॅब्लेटची काच केव्हाच काळी पडली होती. मुलीने ती पुन्हा जागी केली नाही. जाताना तिने ‘मध्यम’ या पर्यायावर खूण केली आणि माझ्याकडे असे पाहिले, की तिच्या मनात काय आले ते मला न सांगता कळले.

हैदराबादेत वैद्यकीय संशोधन व्हावे ही काही नवी गोष्ट नाही. जामबागेपासून चालत जाण्याच्या अंतरावर कोठीला जे उस्मानिया वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याचे मूळ १८४६ साली स्थापन झालेल्या शाळेत आहे, आणि त्या शाळेचे प्रमुख एडवर्ड लॉरी यांनी १८८८ व १८८९ अशा दोन वेळा निजाम सरकारच्या तिजोरीतून क्लोरोफॉर्म आयोग बसवून साऱ्या वैद्यकीय जगाचे लक्ष इकडे वेधले होते. क्लोरोफॉर्म देताना श्वास सांभाळला की हृदयाची चिंता करायला नको, हे लॉरीसाहेबांचे मत आयोगाच्या आधीपासूनचेच होते. प्रयोग झाले, प्राणी मेले, तक्ते भरले, आणि निष्कर्ष साहेबांच्या मताला अनुकूल निघाला. पुढे १९११ मध्ये लेव्ही नावाच्या इंग्रज संशोधकाने हलक्या क्लोरोफॉर्मनेही हृदय अकस्मात बंद पडू शकते हे दाखवले, तेव्हा तो सारा खटाटोप उघडा पडला. दुसरी आठवण अधिक प्रसिद्ध आहे. ऑगस्ट १८९७ मध्ये सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू पाहिला, आणि त्यासाठी हुसेन खान नावाच्या रुग्णाने दहा डासांकडून स्वतःला चावून घेतले. डासामागे एक आणा या दराने त्याला दहा आणे मिळाले. रॉस यांना १९०२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मी हे दोन मोबदले शेजारी ठेवतो ते रॉस यांची थट्टा करण्यासाठी नव्हे. त्या माणसाने मानवजातीचे अपार कल्याण केले आहे. पण हुसेन खानाला आपल्या रक्तातून काय सापडले हे कोणी कधी जाऊन सांगितले का, असा प्रश्न मात्र माझ्या मनात वारंवार येतो, आणि अलीकडे तो जरा जास्तच येतो.

परत जाण्याची परंपरा आपल्याकडे नाही असेही नाही. तारनाक्याच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी १९८७ ते १९९० या काळात हैदराबादलगतच्या २९ खेड्यांत गरोदर स्त्रियांना व बालकांना उपम्यासारखा पूरक आहार देण्याच्या योजनेचा अभ्यास केला. पंधरा गावांत आहार होता, चौदांत नव्हता. पुढे तीच मुले पौगंडावस्थेत आल्यावर त्यांना शोधून त्यांची उंची, रक्तदाब, रक्तवाहिन्या तपासल्या गेल्या, आणि ती मोठी झाल्यावर पुन्हा, या वेळी त्यांच्या आईवडिलांसह. गर्भात असताना आईला मिळालेल्या उपम्याचा परिणाम मध्यम वयातल्या हृदयावर होतो का, हा प्रश्न विचारायला धैर्य लागते, आणि त्याहून अधिक लागतो तो तीच घरे, त्याच पायऱ्या पुन्हा चढण्याचा चिवटपणा. पुण्याजवळ वढू येथे के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधकांनी गावोगावच्या कुटुंबांच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या वार्धक्यविषयक अभ्यासाला तिथे पाय रोवता आला. आणि सेवाग्रामला तर, डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली स्थापलेल्या वैद्यकीय संस्थेत, पहिल्या वर्षाचे विद्यार्थी पंधरा दिवस खेड्यात जाऊन राहतात, प्रत्येकाकडे काही कुटुंबे सोपवलेली असतात, आणि पुढेही त्या कुटुंबांशी त्यांचा संबंध राहतो. ज्याच्या घरी तुम्ही भाकरी खाल्ली आहे त्याची नाडी पाहताना हात जरा वेगळा पडतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने अलीकडे कुटुंब दत्तक घेण्याचा उपक्रम देशभर लागू केला आहे, त्यामागची प्रेरणा हीच असावी. तो उपक्रम वह्यांत राहतो की घरांत जातो, हे ज्या त्या महाविद्यालयाच्या शिक्षकांवर अवलंबून आहे.

तेव्हा या उन्हाळी योजना ज्यांच्या हाती आहेत, त्यांच्याकडे माझे मागणे फार मोठे नाही. वृद्धाची मुलाखत कोणत्या भाषेत झाली, आणि ती त्याची घरातली भाषा होती का, यासाठी प्रत्येक नमुन्यात एक रकाना असावा. आज तो बहुधा नसतो, आणि जे रकान्यात नाही ते शास्त्रात नाही असा कारकुनी न्याय आहे. मुलाखतीसाठी एकाच घरी किमान तीनदा जाण्याची मुभा असावी, मग घरे कमी झाली तरी चालतील. पहिल्या दिवशी म्हातारा माणूस पाहुण्याला उत्तर देतो, दुसऱ्या दिवशी डॉक्टरला, आणि तिसऱ्या दिवशी कुठे स्वतःला. जिथे भाषा जुळत नाही तिथे शेजारपाजारच्या शाळा-महाविद्यालयांतली मुले दुभाषी म्हणून घ्यावीत. जामबागेत तर, केशवराव कोरटकरांच्या पुढाकाराने उर्दू राजवटीच्या ऐन मध्यात उभी राहिलेली विवेकवर्धिनी अजून आहे. तिथल्या एखाद्या मराठी मुलाला वैद्यकाच्या विद्यार्थ्याबरोबर चार दुपारी फिरवले तर दोघांचेही शिक्षण होईल. आणि शेवटची गोष्ट म्हणजे, अहवाल दाखल झाल्यावर विद्यार्थ्याने ज्या घरांत माहिती घेतली त्या घरी जाऊन, त्या माणसाच्या भाषेत, दहा मिनिटांत सांगावे की आम्हाला काय आढळले. हे सांगणे प्रमाणपत्र मिळण्याची अट असावे. ‘मी काही नेणार नाही’ असे उंबरठ्यावर म्हटले जाते, ते खरे नसते. पाऊण तासात आमच्या घरातून सोलापूरची एक आख्खी रात्र गेली आहे. अक्कांनी ती मोबदल्यासाठी दिली नाही, पण ती कुठे पोचली हे विचारण्याचा त्यांना हक्क आहे.

मोठ्या संस्थांना हे जड जाईल, कारण निष्कर्ष सोप्या भाषेत सांगायचा म्हटले की पुष्कळ निष्कर्ष उरतच नाहीत. ‘सामाजिक सहभागाचा स्मृतीशी सार्थ सहसंबंध आढळला’ हे वाक्य अक्कांना सांगायचे तर ‘तुमच्याकडे कोणी बोलायला येत गेले तर बरे’ एवढेच उरते, आणि त्यावर अक्का लगेच विचारतील, ‘मग तू येशील का?’

संमतीपत्राची आमच्याकडे ठेवलेली प्रत इंग्रजीत असून ती अक्कांनी पंचांगात, ज्येष्ठाच्या पानाशी घालून ठेवली आहे. त्यामुळे एकादशी पाहायला पंचांग उघडले की कागद खाली पडतो आणि अक्का विचारतात, ती पोर काही सांगायला येणार होती, ती आली का. यंदा उन्हाळा सुरू झाला आहे. कोणी विद्यार्थी या बाजूला येणार असतील तर त्यांनी बारा ते चार ही वेळ टाळावी आणि पाचनंतर यावे. आमच्या दख्खनीत जाम म्हणजे पेरू, जांभूळ नव्हे, एवढे लक्षात ठेवले तर पत्ता विचारताना घोटाळा होणार नाही. मराठी, तेलुगू, उर्दू आणि थोडी कानडी जाणणारा एक सत्त्याहत्तर वर्षांचा दुभाषा ओसरीवर बसलेला असेल. तो वेतन घेत नाही. अक्कांची मात्र एक अट आहे: आधी मागल्या वर्षीचे काय ते सांगायचे, मगच तीन शब्द विचारायचे.